फ्रिज थंडा राहून नाही राहिला!

फोनवर वाक्य एकच असतं. "दादा, फ्रिज थंडा राहून नाही राहिला." या एका वाक्यावर मी आणि बंडूभाऊ, सक्करदऱ्याच्या आमच्या दुकानातून निघून, स्कूटरवर हत्यारांची बॅग टाकून अर्धं नागपूर फिरलो आहोत. लोकांना वाटतं, फ्रिजवाल्यांकडे कसले आले किस्से! गॅस भरला, थर्मोस्टॅट बदलला, झालं. पण तुम्हीच विचार करा. पाहुणा आला तर त्याला हॉलमध्ये बसवतात. आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेतात, आणि घरातलं जे कोणाला दाखवत नाहीत ते आमच्यासमोर एकेक करून बाहेर काढून ठेवतात. मग किस्से साचणार नाही तर काय!

बंडूभाऊ माझे पार्टनर. वयानं मोठे, काडीसारखे उंच, तोंडात कायम सुपारी, आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. निदान ते तसं म्हणतात. हसायचे किस्से ते सांगतात. उरलेले माझ्याकडे येतात.

तर हे उरलेले.

* * *

नंदनवनला एक घर होतं. सासरे वारून वर्षही झालं नव्हतं. हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो, चंदनाचा हार, समोर छोटा लाल लाइट. सून आम्हाला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "दादा, फोटोसमोरचा लाइट लावला का फ्रिज बंद. लाइट बंद केला का फ्रिज चालू. जिवंत होते तवा मी फ्रिज उघडला का ओरडायचे. आता पहा!"

बंडूभाऊंनी लाइट लावला. फ्रिज खट्कन बंद.

लाइट बंद केला. थोडा वेळ शांतता, मग फ्रिज घुरघुरला.

परत लावला. परत खट्! बंडूभाऊंच्या तोंडातली सुपारी थांबली. फोटोतले सासरेबुवा आमच्याकडेच पाहत होते. डोळे तरी असे की, कुठंही उभं राहा, तुमच्यावरच!

शेवटी मी शोकेस सरकवलं. मागं एकच जुनाट एक्स्टेंशन बोर्ड, त्याच्यावर लाइट आणि फ्रिज दोन्ही. लाइटचं बटण दाबलं की बोर्ड हलायचा आणि शेजारची फ्रिजची पिन सुटायची, उलटं दाबलं की परत टेकायची.

"काही नाई बाई," बंडूभाऊ मोठा श्वास सोडून म्हणाले, "लूज कनेक्शन होतं."

सून फोटोकडे पाहत म्हणाली, "ते तं जित्तेपणीबी होतं!"

* * *

धरमपेठेतल्या एका काकूंकडे मी एकटाच गेलो होतो. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, बोलणं एकदम शुद्ध. मी मनातल्या मनात माझं व्याकरण तपासून बोलायचो.

तक्रार अशी की फ्रिजचं आतलं बटण, ज्यानं थंडावा कमीजास्त करतात ते, आपोआप शून्यावर जायचं. रात्री नीट लावावं, दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावं तर मागं फिरलेलं. दही आंबट, भाज्या मलूल.

"घरी दुसरं कोणी येतं का काकू?"

"कोणी नाही." त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. "यांचे दात फार शिवशिवायचे. मी पाणी गार करून ठेवायचे आणि हे गुपचूप येऊन बटण मागे फिरवायचे. आयुष्यभर आमचं हेच भांडण. आता हे नाहीत. बटण मात्र फिरतंय."

स्वयंपाकघरात चांगलं ऊन आलेलं होतं, तरी माझ्या मानेवर काटा आला.

मी कप्पे नीट पाहिले. काकूंच्या पाण्याच्या बाटल्या उंच. आत सरकवताना बाटलीचं झाकण बटणाला घासायचं आणि दरवेळी ते थोडं मागं फिरायचं. दिवसातून चारदोनदा बाटली काढली-ठेवली की संपला विषय. मी त्यांना करून दाखवलं, कप्पा एक खाच खाली घेतला. काकू हसल्या. मला चहा दिला, लाडू दिला.

काही दिवसांनी त्यांचा फोन.

"काकू, फ्रिज बरोबर आहे ना?"

"उत्तम आहे. बटण जागचं हलत नाही." मग म्हणाल्या, "तो कप्पा परत वर लावून द्याल का?"

मी जाऊन लावून दिला. त्यानंतर काकूंची तक्रार आली नाही.

* * *

लकडगंजमध्ये लाकडाचे एक व्यापारी आहेत. खाली लाकडाच्या फाट्यांचं आणि बल्ल्यांचं गोदाम, वर घर. त्यांच्या फ्रिजमधून कोणीतरी दार ठोठावत होतं.

थट्टा नाही! टक. टक. टक. आतून. आणि उघडून पाहिलं की एकदम चूप! आत नुसती भेंडी आणि बटाटे. स्वयंपाकवाली बाई काम सोडून गेली होती. वर फ्रिजही थंड होत नव्हता, म्हणून तर आम्हाला बोलावलं. नाहीतर मांत्रिकाचा नंबर आमच्या आधी होता.

बंडूभाऊंनी दाराला कान लावला. टक. टक. टक.

हळूच उघडलं. चूप.

बंद केलं. जरा वेळानं परत टक. टक.

मग बंडूभाऊंनी चोर पकडायच्या बेतानं दार झटक्यात उघडलं. चूप! बंडूभाऊ मागं सरकले आणि माझ्या पायावर उभे राहिले. घरची सगळी मंडळी दारात गोळा झालेली, कोणी आत यायला तयार नाही.

मला उशिरा सुचलं. या फ्रिजमध्ये आत पंखा असतो आणि दार उघडलं की तो बंद होतो. म्हणजे आवाज पंख्याचाच. मागचं पॅनल काढलं तर बर्फाचा हा एवढा गोळा! बर्फ वितळवणारा हीटर जळालेला, बर्फ वाढत पंख्यापर्यंत पोचलेला, पातं त्याच्यावर आपटत होतं. थंड हवा पुढं येणार कुठून?

हीटर बदलला, बर्फ काढला, दार लावलं. सगळे कान देऊन उभे राहिले. आवाज बंद! व्यापाऱ्यांनी देवाला हात जोडले. फक्त त्यांची म्हातारी आई खुर्चीतून उठली नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, "आवाज बंद केला बेटा, लय चांगलं केलं. पण मंग तो गेला कोठी?"

आम्ही हसत हसत जिना उतरलो. खाली गोदामात कोणी नव्हतं. आत कुठंतरी, फाट्यांच्या मागं, टक. टक.

"लाकूड आहे," बंडूभाऊ म्हणाले. "उन्हानं तडकते."

मी काही विचारलंच नव्हतं.

* * *

भिवापूरला आम्ही ओळखीखातर गेलो. बंडूभाऊंच्या साडभाऊंचं घर. अंगणात मिरची वाळत घातलेली, त्यामुळे रामराम करायच्या आधी आम्ही शिंकत होतो. साडभाऊ शेतावर गेलेले. घरी त्यांची बायको कांताबाई, म्हणजे बंडूभाऊंची मेव्हणी.

"भाऊजी, फ्रिज थंडा होत नाही ते जाऊ द्या," कांताबाई म्हणाल्या. "पण तो श्वास घेते."

"कोण श्वास घेते?"

"फ्रिज! मी जवळ गेली का घेते. दूर गेली का नाही घेत."

बंडूभाऊ माझ्याकडे पाहून डोळे मिचकावून म्हणाले, "गॅस लीक आहे."

फ्रिज एका अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. आम्ही जवळ गेलो आणि खरंच आवाज आला. स्स्स्स्. लांब, जड. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा. बंडूभाऊंनी साबणाचा फेस केला, ब्रश घेतला आणि मागच्या नळ्यांना लावायला गुडघ्यावर बसले. लीक असली की तिथं बुडबुडे येतात.

"इकडं आवाज आहे," ते डावीकडं हात घालत म्हणाले. बुडबुडे नाहीत. "नाई, इकडं आहे." उजवीकडं. तिथंही नाही. "आता खाली गेला गा!"

मी मागं उभा होतो. माझं लक्ष सहज भिंतीवरच्या बोर्डाकडं गेलं. त्याच्यावरचा दिवा पेटलेला होता, पण फ्रिजवर हात ठेवला तर जराही थरथर नाही. कॉम्प्रेसर चालूच नव्हता. मशीन बंद, तर गॅसचा एवढा जोर कुठला? आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली.

"बंडूभाऊ," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हटलं, "हात हळूच बाहेर काढा."

"काहून?"

"लीक जागा नाही बदलत."

बंडूभाऊंनी हात इतक्या हळू काढला की मला वाटलं संध्याकाळ होईल. मग बसल्या बसल्या ते मागं सरकत थेट अंगणात, मिरचीत जाऊन बसले.

साप पकडणारा, गावच्या शाळेतला पोरगेला मास्तर आला. त्यानं कॉम्प्रेसरला वेढा घालून बसलेली जाडजूड घोणस आकड्यानं बाहेर काढून पिशवीत टाकली. मागं उंदरानं वायर कुरतडून ठेवली होती, म्हणून मशीन बंद. उंदरामागं घोणसबाई आत गेलेल्या. वायर जोडली, फ्रिज सुरू झाला.

परतीच्या रस्त्यावर उमरेड आल्यावर बंडूभाऊ म्हणाले, "माह्या बोटाले थंड लागलं होतं गा काहीतरी. मले वाटलं नळी आहे."

* * *

प्रतापनगरच्या अप्पांचा फोन आला तेव्हा आवाजच कापत होता. "आजच या. आत्ताच या. उद्या नाही चालत."

अप्पा म्हणजे निवृत्त, विधुर गृहस्थ. बंगला नीटनेटका. फ्रिज जेमतेम गार, खालचे कप्पे रिकामे. बंडूभाऊंनी सवयीप्रमाणे वरचा फ्रीझर उघडायला हात घातला, तर अप्पा मध्ये आले. "तो नाही उघडायचा."

"अप्पा, उघडल्याशिवाय दुरुस्ती कशी होईन?"

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. शेवटी अप्पांनी स्वतःच उघडला. आत एकच वस्तू होती. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं, हाताच्या पंजाएवढं काहीतरी.

बंडूभाऊंचा चेहरा मी पाहिला. माझाही तसाच झाला असणार.

"मिठू आहे," अप्पा म्हणाले. "परवा सकाळी गेला. नात बंगलोरवरून निघाली आहे. ती लहान होती तेव्हापासून त्याच्याशी बोलायची. म्हणाली, मी आल्याशिवाय पुरू नका, आजोबा. आणि आज फ्रिजनं दगा दिला."

फ्रीझर रिकामा करणं भाग होतं. मी शेजारून बर्फ मागून आणला. डब्यात बर्फ, बर्फावर रुमाल, आणि डबा बंडूभाऊंच्या मांडीवर. मी फ्रिजच्या मागं बसलो. कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले जळाला होता, तो बॅगेत होताच. जाळीवर धुळीची गोधडी पसरलेली, ती साफ केली. बर्फ वितळल्याचा आवाज येत होता.

आणि एकदम बंडूभाऊंच्या बाजूनं, साफ, खणखणीत: "कोण आलं? कोण आलं गा? कोण आलं?"

बंडूभाऊ उभे राहिले नाहीत, ओरडले नाहीत. डबा दोन्ही हातांनी तसाच धरून, डोळे मिटून बसले. ओठ काहीतरी पुटपुटत होते. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस!

आवाज परत आला. "कोण आलं गा?"

अप्पांनी बंडूभाऊंच्या शेजारच्या स्टुलावरचा मोबाइल उचलला. रिंगटोन होती. नातीनंच रेकॉर्ड करून लावून दिलेली. पण अप्पा फोन उचलेनात. हातात धरून नुसते उभे.

"अप्पा, घ्या ना," मी म्हटलं.

"घेतो," अप्पा म्हणाले. "आधी त्याचं बोलणं होऊ द्या."

* * *

आणि हा शेवटचा. हा बंडूभाऊ सांगत नाहीत, मी सांगायला लागलो की उठून जातात.

मानेवाड्याकडं एका घरात वरच्या मजल्यावर वैशाली आणि नितीन किरायानं राहायला आले. नवराबायको दोघंही नोकरीवाले, नवीन संसार, भिंतीवर बुद्धाचा शांत फोटो, फ्रिजसुद्धा नवाकोरा. मे महिना, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

"सकाळी निघतो तवा बर्फासारखा थंडा असते," वैशालीताई म्हणाल्या. "संध्याकाळी येतो तं दूध नासलेलं."

आम्ही सगळं पाहिलं. दारात कागदाचा तुकडा धरून ओढून पाहिला, रबर घट्ट. गॅस भरपूर. थर्मोस्टॅट ठीक, पंखा ठीक, व्होल्टेज ठीक. तरी मी माझा एक स्टॅबिलायझर लावून दिला. तक्रार तशीच. परत आलो, परत सगळं तपासलं. बंडूभाऊ शेवटी म्हणाले, "दिवसा दार उघडं राहून राहिलं. दुसरं कारणच नाही."

"पण आम्ही येतो तवा बंद असते दादा!" नितीन म्हणाला. "अन् घराले कुलूप."

मला एक सुचलं. नितीनचा जुना मोबाइल घेतला, व्हिडिओ चालू केला आणि कॅमेरा दाराकडं करून वरच्या कप्प्यात पेल्याला टेकवून ठेवला. दार लावलं. रविवारची दुपार होती. घराला कुलूप घालून आम्ही चौघं खाली कोपऱ्यावरच्या रसवंतीत जाऊन बसलो. रस पिऊन, गप्पा मारून, निवांत वर आलो. कुलूप जागेवर. फ्रिजचं दार बंद. मी दुधाच्या भांड्याला हात लावला. कोमट.

मोबाइल घेऊन हॉलमध्ये बसलो. चार डोकी एका स्क्रीनवर.

आधी अंधार. मशीनची घुरघुर. आमचीच पावलं दूर गेली, कुलूप लागल्याचा आवाज आला. मग नुसता अंधार. नितीननं पुढं ढकललं, तरी अंधारच.

मग रबर सुटल्याचा बारीक आवाज झाला, आणि उजेड आला.

दार हळूहळू पूर्ण उघडलं. समोर रिकामं स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा, शेगडी, बंद खिडकी. माणूस कोणी नाही. पण धापा ऐकू येत होत्या. उन्हातान्हातून धावत आलेल्या बाईसारख्या. कप्प्याच्या जाळीला काचेची बांगडी लागली, किणकिण झाली. धापा हळूहळू कमी झाल्या. दार तसंच उघडं होतं, कितीतरी वेळ.

मग अगदी जवळून, मोबाइलच्या तोंडाशी, दमलेला बायकी आवाज आला.

"अगं माय... आता बरं वाटून राहिलं."

दार हळूच बंद झालं. अंधार.

नितीन ताडकन उठला. "आजच्या आज घर खाली करू! बॅगा भर!" बंडूभाऊ दाराबाहेर जाऊन जिन्यात उभे होते, कधी गेले कळलंही नाही. त्याच वेळी माझी नजर आत गेली. शेगडीच्या वर, छताला, नव्या रंगाखालून, आग वर चढल्यासारखा काळपट डाग वर आला होता.

वैशालीताईंनीही तो पाहिला. आधी इथं कोण राहायचं ते विचारायला त्या खाली घरमालकिणीकडं गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल. बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"काय म्हणे वं?" नितीननं विचारलं.

त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, कूलर कोठी चांगला भेटते?"

पुढं काही दिवसांनी माझा स्टॅबिलायझर आणायला मी सकाळी त्यांच्याकडं गेलो. दोघं ऑफिसला निघायच्या घाईत होते. घर सोडलं नव्हतं. फ्रिज? एकदम थंड, म्हणाले, दूध नासलंच नाही. हॉलमध्ये पंखा गरम हवा फेकत होता, बेडरूममध्येही पंखाच. कूलर स्वयंपाकघरात होता. खिडकीला बसवलेला, तोंड ओट्याकडं, ओल्या वाळ्याचा वास सुटलेला. वैशालीताईंनी बादलीनं त्याची टाकी काठोकाठ भरली, बटण फुल केलं, आणि पर्स घेऊन बाहेर आल्या.

"ताई, कूलर चालूच राहिला," मी म्हटलं.

"राहू द्या दादा."

नितीन खाली गाडी काढायला गेला होता. वैशालीताईंनी कुलूप हातात घेतलं, दार ओढलं, आणि बंद करायच्या आधी फटीतून आत पाहून म्हणाल्या, "टाकी भरून ठेवली वं. येतो आम्ही."